सुट्टी, साखरांबा आणि एकवीस गुणाकार

एप्रिल संपत आला की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे आंब्याची पहिली पेटी आणि दुसरी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या वर्कशीटांच्या पीडीएफ. यंदा पेटी उशिरा आली, पीडीएफ मात्र वेळेवर! सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी 'समर मॅथ्स प्रॅक्टिस, शंभर पानं' टाकली, लगेच दुसरीने दीडशे पानांची टाकली. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून घ्यायला रांग. तो बिचारा आनंदात आहे, त्याचा सीझनच आहे हा.

मी प्रिंट काढल्या नाहीत. पण म्हणून 'सुट्टीत अभ्यासाचं नावही काढू नये, मुलांना मोकळं सोडावं' या पक्षातही मी नाही. हा पक्ष आमच्या नातेवाईकांत फार जोरात आहे (नावं घेत नाही, वाचणारे ओळखतीलच), आणि ऐकायला फार गोडही वाटतो. माझं म्हणणं या दोन्हींच्या मधलं आहे. मधलं म्हटलं की लोकांना ते गुळमुळीत वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की हा विषय माझ्यासाठी नुसता गप्पांचा का नाही. माझी लेक चौथी संपवून आता पाचवीत जाईल. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. त्या परीक्षेची मला फारशी भीती नाही, ती पास होईल. भीती वाटली ती मार्चमध्ये तिने सहज उच्चारलेल्या एका वाक्याची. 'आई, मी मॅथ्सवाली नाहीच आहे. मी ड्रॉइंगवाली आहे.' रडत नव्हती, चिडली नव्हती. आपला रक्तगट सांगावा तसं सांगत होती. दहा वर्षांच्या मुलीने हे ठरवून टाकलं होतं, आणि तेही मला कळायच्या आत.

आता हे तिला कुठून कळलं? शाळेतून थोडंफार असेल. पण मंडळी, रागावू नका, बरंचसं घरातूनच आलंय. आपल्याकडे लग्नकार्यात जमलो की 'आपल्या घराण्यात गणित कुणाच्या पत्रिकेतच नाही' हा विनोद दर वेळी होतो की नाही? आणि त्यातही 'मुलींच्या तर नाहीच' हे शेपूट. ताईने दहावीनंतर सायन्स घेतलं नाही ते गणिताच्या धसक्याने. त्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली, तरी ती अजून हसतहसत सांगितली जाते. मुलं तिथेच पंगतीत बसून जिलबी खात असतात. त्यांचे कान काही जिलबीत नसतात.

यावर अमेरिकेत एक अभ्यास झालेला आहे, २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिली-दुसरीतली मुलं आणि त्यांचे आईवडील. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांची धास्तीही वाढली. पण कधी? तर असे पालक वारंवार गृहपाठाला मदत करायला बसत होते तेव्हाच. जे मदतीला फारसे बसले नाहीत त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा दोन मिनिटं गप्प बसले. म्हणजे घाबरत घाबरत, ओठ आवळून, 'अगं इतकं सोप्पं येत नाही?' म्हणत शेजारी बसणारी आई असण्यापेक्षा स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी आई परवडली! आणि त्याच वर्षी शिकागोच्या मंडळींचा दुसरा एक अभ्यास आला. त्यात पहिलीतल्या मुलांना आईवडिलांनी झोपताना गोष्टीसारखी छोटी छोटी गणितं वाचून दाखवायची होती. जास्त फायदा कुणाला झाला? ज्यांचे पालक गणिताला घाबरतात त्यांनाच. दोन्हीत मदत करणारं माणूस सारख्याच स्वभावाचं. एकीकडे गृहपाठ आणि चूक-बरोबरचा ताण होता, दुसरीकडे पांघरूण आणि गोष्ट होती.

तर माझा पहिला मुद्दा असा, की सुट्टीत घरी गणित घ्यायचं की नाही यापेक्षा कोणत्या चेहऱ्याने घ्यायचं हे आधी ठरवा. तो चेहरा जमत नसेल तर ते काम आजोबांकडे द्या, मामाकडे द्या, शेजारच्या बारावीतल्या दादाकडे द्या.

'पण सुट्टीत मुलं सगळं विसरतात हो!' हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. खरं आहे का? १९९६ साली हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी घसरण होते, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त होते, असं निघालं. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल नावाच्या संशोधकांनी शंका काढली की जुन्या चाचण्यांवर दिसलेले निष्कर्ष नव्या चाचण्यांवर तसे दिसत नाहीत. म्हणजे तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. शिवाय तिकडची सुट्टी अडीच महिन्यांची, आपली जेमतेम दीड. पण गणित वाचनाआधी गंजतं, हे मला घरच्या अनुभवावरून पटतं. वाचन सुट्टीतही चालूच असतं. दुकानाच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, बिस्किटाचा पुडा, कॉमिक्स... अक्षरं डोळ्यांसमोरून हलतच नाहीत. भागाकार मात्र रस्त्यात कुणी भेटत नाही. तो मुद्दाम बोलवावा लागतो.

यावर लगेच उत्तर तयार असतं, की भागाकार स्वयंपाकघरात भेटतो, बाजारात भेटतो. मुलांना भाजी आणायला पाठवा, गणित आपोआप येईल. मलाही असंच वाटायचं. पण २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' मध्ये एक लेख आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आपल्याच देशातला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतला. तिथे भाजी वगैरे विकणारी शाळकरी वयाची मुलं तोंडी हिशोब इतका चोख करतात की आपण बघत राहावं. इतक्या ग्रॅमचे बटाटे, इतक्याचे कांदे, दोनशेच्या नोटेतून उरले किती, सगळं मनात, कागद-पेन्सिलीशिवाय. त्याच मुलांना पाटीवर मांडलेली साधी वजाबाकी-भागाकार दिले की अडली. आणि उलट, फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना पुस्तकातली उदाहरणं आली पण बाजारातला हिशोब जमेना. एकाच डोक्यात दोन खोल्या, आणि मधलं दार बंद!

हा लेख वाचल्यावर माझं सुट्टीचं सगळं धोरण त्या मधल्या दारावर येऊन थांबलं. म्हणजे नुसती दीडशे पानं सोडवूनही भागणार नाही आणि नुसतं भाजीला पाठवूनही नाही. जे हाताने केलं ते त्याच दिवशी कागदावर उतरवायचं, आणि जे कागदावर केलं ते हाताने करून बघायचं.

उदाहरण देते. आमच्याकडे साखरांब्याचं माप एक वाटी कैरीच्या किसाला दीड वाटी साखर असं आहे. (काही घरी वाटीला वाटी घालतात. कैरी किती आंबट त्यावर भांडण नको.) परवा कीस निघाला साडेतीन वाट्या. सासूबाईंनी क्षणात सांगितलं, 'सव्वापाच वाट्या घे.' लेक बघतच राहिली. 'आजी, तू कसं केलंस?' आजी म्हणाल्या, 'साडेतीन आणि त्याचे निम्मे.' तीनाचे निम्मे दीड, अर्ध्याचे निम्मे पाव, झाले पावणेदोन. साडेतीन आणि पावणेदोन मिळून सव्वापाच. साखर घातली, ढवळली, उन्हात ठेवायची की गॅसवर करायची यावर नेहमीचा वाद झाला. मग संध्याकाळी लेकीने वहीत तेच लिहिलं. आधी चित्र काढून, साडेतीन वाट्यांचं. (ड्रॉइंगवालीच ना ती!) मग प्रत्येक वाटीखाली अर्धी वाटी, आणि शेवटच्या अर्ध्या वाटीखाली पाव वाटी. मग बाजूला अंकांत, ७/२ आणि ७/४. सात-चतुर्थांश म्हणजे पावणेदोन हे तिला चित्रात दिसलं, पुस्तकात वर्षभर दिसलं नव्हतं. वेळ किती गेला? पंधरा मिनिटं. वर्कशीटच्या एका पानाला तेवढा वेळ नुसता पेन्सिलीला टोक करण्यात जातो.

खरं सांगू का, अपूर्णांकांच्या बाबतीत आपण मराठी माणसं जन्मजात श्रीमंत आहोत, आणि त्याचा आपल्याला पत्ताच नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन... इतके सुटसुटीत शब्द! इंग्रजीत 'दीड' ला एका शब्दात काही म्हणून दाखवा बरं. आपली मुलं घड्याळ बघताना, दूध आणताना हे सगळे शब्द वापरतात, आणि शाळेत 'मिक्स्ड फ्रॅक्शन' आलं की तोंड पाडतात. कुणी सांगतच नाही त्यांना की बाळा, पावणेदोन हेच ते. एक पूर्ण आणि तीन चतुर्थांश. 'पावणे' म्हणजे पाव उणे. पावाने कमी दोन. शब्दातच वजाबाकी बसलेली आहे.

बाजारातलं एक गणित बघा. कांदे बत्तीस रुपये किलो, घेतले पावणेदोन किलो. लेकीच्या शाळेच्या पद्धतीने एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश गुणिले बत्तीस. दशांशचिन्ह कुठे द्यायचं यावर पाच मिनिटं. भाजीवाली मावशी काय करते? किलोचे बत्तीस, अर्ध्याचे सोळा, पावाचे आठ, द्या छप्पन्न. हे घरी आल्यावर वहीत लिहायचं, दोन्ही रीतींनी, एकाशेजारी एक. उत्तर सारखं आलं की मुलांना गंमत वाटते. आपल्या दोन्ही आज्यांची एकमेकींशी ओळख निघाल्यासारखी.

आता या भाजीवाल्या मावशीपाशीच दुसरी एक अडचण आहे, जी इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या घरी सगळ्यांना ओळखीची असेल. मावशी म्हणाली 'एकोणऐंशी झाले', आणि मुलगी नव्वदीच्या जवळपासची काहीतरी नोट शोधतेय. ऐंशी ऐकू आलं ना! 'एकोण' म्हणजे एक उणा हे तिला माहीतच नाही. सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, यांच्यात तर भलेभले गडबडतात. आपल्याकडे एकक आधी बोलतात आणि दशक मागून (त्रे-सष्ट, तीन आणि साठ), लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. सहा वर्षांच्या मुलाला हे अवघड जाणारच.

२०१९ साली यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी रूपं आली आणि सगळीकडे थट्टेचा पूर. मंगला नारळीकर त्या गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. स्वतः गणितज्ञ, मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं की लहान मुलांना जोडाक्षरांचे हे शब्द आणि त्यांचा उलटा क्रम अवघड जातो, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतं, तसा सोपा मार्ग आपणही देऊ. जुनी रूपं हद्दपार केलेली नाहीत हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण ते ऐकायला कुणाला वेळ होता! 'उद्या बावनकुळ्यांना पन्नास दोन कुळे म्हणणार का' यातच सगळे खूश. २०२३ च्या जुलैमध्ये मंगलाताई गेल्या, तेव्हा थट्टा करणाऱ्यांनीच हळहळ व्यक्त केली. असो.

माझं मत विचाराल तर शाळेत समजायला 'साठ तीन' खुशाल असू द्या. पण 'त्रेसष्ट' मुलांच्या कानावरून गेलं पाहिजे, आणि ते पुस्तकातून नाही तर मावशीकडून, आजीकडून, कंडक्टरकडून. नाहीतर तीच मुलगी उद्या आपल्याच गावच्या बाजारात परदेशी पाहुण्यासारखी उभी राहील. आम्ही यंदा एक खेळ काढलाय. जिना चढताना पायऱ्या मराठीत मोजायच्या, उतरताना उलट्या. आमचा मजला तिसरा, त्यामुळे एका फेरीत चोपन्न पायऱ्या होतात. एकोणपन्नासवर अजूनही अडखळायला होतं, मग तिथे उडी मारायची. लिफ्ट बंद असली की दोनदा सराव.

पाढ्यांचं काय, हा प्रश्न येणारच. इथे मी सनातनी आहे. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेत, विचार न करता यायला हवेत. कारण पुढे मोठा भागाकार करताना मुलं भागाकाराला अडत नाहीत, ती अडतात सात आठे किती इथे. तिथे बोटं मोजत बसली की वरची पायरी विसरतात, मग चुकतात, मग 'मी मॅथ्सवाली नाही' म्हणतात. पण पाठ करायचं ओझं आपण समजतो तेवढं आहे का? एकदा लेकीबरोबर बसून मोजलं. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. पण सहा सत्ते आणि सात सक एकच, म्हणून उरतात पंचावन्न. त्यातले एकाचे, दोनाचे, पाचाचे, दहाचे तिला येतच होते. मग राहिले फक्त तीन, चार, सहा, सात, आठ आणि नऊ यांचे आपापसातले. किती? एकवीस! शंभर वाटत होते ते एकवीस निघाले. ती दोनदा मोजून आली, खरंच एकवीस. त्यातले नवाचे सहा तिने अंकांची बेरीज नऊ येते या युक्तीने सोडवले, उरले पंधरा. ते आम्ही पंधरा चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजला लावलेत. पक्का झाला की चिठ्ठी ती स्वतः फाडते. परवापर्यंत सहा फाडल्या. सुट्टी पंचेचाळीस दिवसांची, गुणाकार पंधरा. कुणी काहीही म्हणो, हे ओझं नाही.

आमचे आप्पा (माझे वडील) यावर म्हणतात, 'आम्ही तिसापर्यंत म्हणायचो, वर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी!' म्हणायचे, मान्य. मला ऐकायला आवडतंही. पण त्याची गरज होती तेव्हा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा जगात व्यापाऱ्याला पावकी-दिडकीशिवाय गल्ल्यावर बसता आलं नसतं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो-लिटर आले, आणि त्या पाढ्यांचं मूळ काम संपलं. आता ते नातवंडांवर लादून 'आमच्या वेळी' म्हणण्यात अर्थ नाही. मात्र आप्पा, तुम्ही ते चालीवर म्हणून दाखवा, रोज एक. तिला ते गाण्यासारखे ऐकू देत, परीक्षा मात्र घेऊ नका.

क्लासेसबद्दल फार लिहीत नाही. आमच्या भागात मे महिन्यात वेगवान गणिताच्या क्लासांचं पीक येतं. एका ठिकाणी आम्ही चौकशीला गेलो, तर आधी लेकीची स्टॉपवॉच लावून चाचणी घेतली आणि तिच्यासमोरच मला सांगितलं की 'बेसिक वीक आहे'. तिथूनच परत आलो. वेग हवा तर तो सरावाने हळूहळू येईल, छातीवर घड्याळ ठेवून नाही.

सरावाबद्दल मात्र एक खजिना सापडलाय, तो सगळ्यांना सांगायलाच हवा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिक्षक. आयुष्यभर आकड्यांशी खेळले आणि १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं म्हणजे येतंच. शून्य आला तर तोही धरायचा.

लेकीने जन्मसाल घेतलं, २०१५. मग ५२१० वजा ०१२५, आले ५०८५. पुढे ७९९२, मग ७१७३, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४! नेमक्या सातच लागल्या. तिचा विश्वास बसेना. मग बाबाचं साल, माझं साल, आप्पांचं साल, स्कूटरचा नंबर. एका संध्याकाळी तिने वीस-पंचवीस हातच्याच्या वजाबाक्या केल्या. मध्ये एखादी चुकली तरी पुढच्या बरोबर आल्या की गाडी शेवटी ६१७४ वर येतेच, म्हणून आईने लाल पेन घेऊन बसायची गरज नाही. तेवढ्याच वजाबाक्या मी वर्कशीटवर दिल्या असत्या तर घरात महायुद्ध झालं असतं. तीन अंकी संख्येचं असंच ४९५ वर येऊन थांबतं, ते दुसरीतल्या-तिसरीतल्या मुलांना द्या.

आणि पत्ते! पत्त्यांना अजूनही काही घरांत नाक मुरडतात. चित्रं बाजूला काढा, प्रत्येकाने दोन-दोन पानं उघडायची, गुणाकार मोठा त्याचे चारही. पंधरा मिनिटांत पन्नास गुणाकार होतात आणि आरडाओरडा होतो तो वेगळाच. मोठी माणसं रमी खेळत असतील तर गुणलेखनाची वही मुलांच्या हाती द्या. नवा व्यापारमध्ये बँक सांभाळायला सगळ्यात धाकट्याला बसवा, आणि तो सुटे मोजत असताना कृपा करून मध्ये बोलू नका. हे 'मध्ये न बोलणं' सगळ्यात कठीण आहे. मूल विचार करतंय ती दहा सेकंदं आपल्याला तासासारखी वाटतात. माझ्या नवऱ्याला तर ती सहनच होत नाहीत, तो उत्तर सांगून मोकळा होतो. आता त्याला नियम केलाय की बोललास तर तुझ्या वाटणीचा आंबा बँकेत जमा.

वेळेचं विचाराल तर रोज पंधरा मिनिटं, सकाळी दूध पिऊन झाल्यावर, आणि पाहुणे असले की सुट्टी. गावी गेलो की सुट्टी, ताप आला की सुट्टी. रडू आलं की त्या क्षणी वही बंद, मग उदाहरण अर्धं राहिलं तरी चालेल. पंचेचाळीसातले तीस दिवस जरी मिळाले तरी साडेसात तास होतात. फार नाहीत. पण मार्चमधलं ते वाक्य तिने अजून मागे घेतलेलं नाही, आणि मी ते घ्यायला लावणारही नाहीये. परवा फक्त एवढं म्हणाली की 'आजीसारखं मला मनात करायला जमलं तर मी थोडी मॅथ्सवाली होईन का?' आजी म्हणाल्या, 'मी कुठली मॅथ्सवाली, मी सातवी पास.' हे ऐकून ती बराच वेळ आजीकडे बघत बसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही सातारला आप्पांकडे जातोय. बॅगेत पत्त्यांचा कॅट, शंभर पानी चौकटीची वही आणि शिंपीकामाची टेप घेतली आहे. परसातल्या आंब्याच्या बुंध्याचा घेर आणि विहिरीच्या काठाचा घेर मोजायचाय, आणि मग आरपार किती ते दोरीने. घेर आरपारच्या तिपटीहून थोडा जास्त का येतो हे तिला मी आधी सांगणार नाहीये. आत्या, तू पण येतेच आहेस, तर ताईच्या दहावीचा किस्सा यंदा नको. आणि येताना तुझा जुना तराजू नि वजनं मिळाली तर घेऊन ये, पावशेराचं वजन तिने अजून पाहिलेलं नाही.